आजीला मास्क लावायला येणारा दादा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र थोडक्यात असं आहे: "मुलगी बारावी सायन्स पास. नीटचे दोन प्रयत्न झाले. पहिल्या वेळी ३१२, दुसऱ्या वेळी ३४८. माझी आई सीओपीडीने, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या आजाराने गेली. शेवटचे काही दिवस आयसीयूत बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर होती. आयुष्यभर चुलीपुढे बसली, बिडीला कधी हात लावला नाही, तरी छातीनेच गेली. तेव्हाच मी ठरवलं, घरात छातीचा सर्जन झालाच पाहिजे. आता ही ऑपरेशनं रोबोट करतो. एक एजंट म्हणतो, मॅनेजमेंट कोट्यातून एमबीबीएसला बसवून देतो, पुढे रोबोटिक सर्जरीचा डायरेक्ट कोर्स आहे. दीड एकर जमीन विकायची माझी तयारी आहे. मुलीचा मोबाइल काढून घेतलाय. हल्ली ती फारशी बोलत नाही, जेवायलाही बाहेर येत नाही. तिला पटेल असं काहीतरी लिहा."

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत: "मॅडम, आजीला मास्क लावायला एक दादा यायचा. तो डॉक्टर नव्हता. त्याने काय शिकलेलं असतं?"

तुम्हाला सप्रेम नमस्कार.

मुलीला पटेल असं लिहा, असं तुम्ही म्हणता. मी आधी तुम्हाला पटेल असं लिहिणार आहे, कारण पत्रात मला काळजी वाटली ती मार्कांची नाही. "हल्ली ती बोलत नाही, जेवायलाही बाहेर येत नाही" हे वाक्य तुम्ही एजंट, जमीन आणि मोबाइल यांच्यानंतर लिहिलंय. ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी दोन वर्षं एकाच परीक्षेला बसते, मैत्रिणी पुढे निघून जातात, हातातला फोन जातो आणि ती ताटावर यायचं सोडते. याला आळस किंवा हट्ट म्हणू नका. आजच तिचा फोन परत द्या. तिला झोप लागते का, भूक आहे का, "माझा काही उपयोग नाही" अशा अर्थाचं काही बोलते का, हे तिच्या आईला शेजारी बसून विचारू द्या. उत्तर काळजीचं असेल तर करिअरचा विषय बंद करून मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं. तिला आवडत असेल तर तिचं तिला बोलू द्या, आणि तेव्हा तुम्ही खोलीबाहेर थांबा.

आई गेल्याचं दुःख तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. ते खरं आहे आणि मला कळतं. पण आयसीयूच्या बाहेर बसून तुम्ही जो निश्चय केलात तो तुमचा होता. मुलीला त्यात कुणी विचारलं नाही. आईला वाचवता आलं नाही याची रुखरुख मुलीच्या पदवीने जाणार नाही. उद्या ती सर्जन झाली तरी जाणार नाही, आणि झाली नाही तर त्या रुखरुखीचं ओझं तिच्या डोक्यावर बसेल. हे मी कठोरपणे लिहितेय, कारण पुढचा निर्णय दीड एकराचा आहे आणि तो परत फिरवता येत नाही.

आता तुमचा एक गैरसमज. त्यावर जमीन उभी आहे म्हणून सविस्तर लिहिते. रोबोट ऑपरेशन करत नाही. सर्जन सहसा त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलावर बसतो, त्याच्या बोटांच्या हालचाली यंत्राचे बारीक हात पेशंटच्या बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून करतात. कुठे कापायचं, कुठली रक्तवाहिनी आधी बांधायची, रक्तस्राव सुरू झाला तर छाती उघडायची का, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असतं. दा विंची नावाच्या अशा यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, आता आपल्याकडेही ते आहे आणि एक भारतीय बनावटीचं यंत्रही आलंय. पण त्यावर बसायला आधी सर्जन व्हावं लागतं. बारावीनंतर किंवा एमबीबीएसनंतर थेट रोबोटिक सर्जन करणारा कोर्स अस्तित्वात नाही. जो माणूस असा कोर्स विकतो त्याच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवू नका. खासगी कॉलेजातल्या मॅनेजमेंट कोट्याच्या जागासुद्धा राज्य सरकारच्या सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्यांतून, नीटच्या गुणवत्तेवर भरतात. तिथे एजंटला काही काम नाही.

आणि दुसरं, जे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल. तुमच्या आईंच्या आजारात रोबोटचा उपयोगच नव्हता. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सर्जन लागतो. सीओपीडीत श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात, तिथे निवडक पेशंट सोडले तर कापण्यासारखं काही नसतं. हा आजार बघतो तो छातीविकारतज्ज्ञ, म्हणजे फिजिशियन. सर्जन वेगळा, त्याचं शिक्षण वेगळं. घरात सर्जन असता तरी आईंच्या पलंगापाशी त्याला इतरांकडेच बघावं लागलं असतं.

रस्ते एका ओळीत सांगते: एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग नीट पीजी देऊन तीन वर्षांची एमडी रेस्पिरेटरी मेडिसिन, नाहीतर तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी आणि नीट एसएस ही पुढची प्रवेशपरीक्षा देऊन आणखी तीन वर्षांची छातीच्या सर्जरीची एमसीएच. सर्जरीच्या वाटेवर एकही वर्ष वाया गेलं नाही तरी साडेअकरा वर्षं. ज्या मुलीला हे मनापासून हवंय तिला मी तिसरा प्रयत्नही कर म्हणेन. तुमच्या पत्रात तुमच्या मुलीला हे हवंय असं एकदाही लिहिलेलं नाही.

आता तुमची परवानगी न घेता मी तिच्याशी बोलते.

बाळा, तुझा प्रश्न या अख्ख्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तो दादा बहुतेक रेस्पिरेटरी थेरपिस्ट असणार. आपल्याकडे पुष्कळ हॉस्पिटलांत हे काम सिस्टर किंवा निवासी डॉक्टर करतात, पण तो डॉक्टर नव्हता हे तुला ठाऊक आहे म्हणून असं म्हणते. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी करतात. इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षं. मणिपाल आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे शिक्षण मिळतं, महाराष्ट्रातही काही विद्यापीठांत आहे. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ, कारण ते सध्या बदलत आहेत. २०२१ साली संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला आणि या पेशाला त्यात जागा दिली.

तो दादा आजीसाठी नेमकं काय करत होता, ते कळलं तर बाबांच्या मनातला "नुसता टेक्निशियन" हा शब्द निघून जाईल, म्हणून जरा थांबून सांगते. सीओपीडीचा जोराचा झटका आला की श्वासाचे स्नायू थकतात, कार्बन डायऑक्साइड रक्तात साठतो आणि माणूस गुंगीत जातो. पूर्वी अशा वेळी घशातून नळी घालून व्हेंटिलेटर लावण्याशिवाय फारसा मार्ग नव्हता, आणि त्या नळीबरोबर न्यूमोनियाचा धोका यायचा. १९९५ साली ब्रोशार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या गटाने असे ८५ पेशंट घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले आणि निम्म्यांना त्या उपचारांबरोबर मास्कमधून दाबाने हवाही दिली. नेहमीच्या उपचारांत शंभरातल्या ७४ जणांना नळी लागली, मास्कवाल्यांत २६ जणांना. हॉस्पिटलात दगावणाऱ्यांचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. छातीच्या आजारांत इतका मोठा फरक क्वचितच एका उपायाने पडला असेल.

पण तो मास्क नीट बसला तरच. गालाशी फट राहिली तर हवा निसटते, पट्टा जास्त आवळला तर नाकाच्या हाडावरची कातडी सोलवटते. घाबरलेली म्हातारी बाई तो ओढून काढते. म्हणून चांगला थेरपिस्ट सुरुवातीला पट्टे बांधतच नाही. मास्क हातात धरतो, "आजी, माझ्याबरोबर श्वास घ्या" म्हणतो, दाब हळूहळू वाढवतो, मग बांधतो. तासा-दोन तासांनी रक्तातल्या वायूंची तपासणी बघतो आणि डॉक्टरांना सांगतो की जमतंय की नळीची वेळ आलीय. तू हे पलंगाशेजारी उभी राहून पाहिलंस आणि लक्षात ठेवलंस. घरातल्या मोठ्यांचं लक्ष तेव्हा मॉनिटरवर असणार.

या शाखेची मोठी पावलं बघितली तर ती वारंवार अशी पलंगापाशीच पडलेली दिसतात. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडाम हॉस्पिटलात पोलिओची साथ शिरली. श्वास बंद पडलेली मुलं रोज येत होती आणि लोखंडी फुप्फुस म्हणतात ते यंत्र होतं एकच. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनळीत गळ्यावरच्या छेदातून नळी घातली आणि हाताने फुगा दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने पेशंटच्या उशाशी बसून फुगे दाबत राहिले. आजचा आयसीयू तिथून निघाला. पुढे २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटवर एक चाचणी झाली. फुप्फुसं गंभीर जखमी झालेल्या पेशंटना व्हेंटिलेटरने वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा द्यायची की ६, एवढाच प्रश्न होता. मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. यंत्र तेच, आकडा बदलला. हे वजन काट्यावरचं नसतं, उंचीवरून काढतात, म्हणून आजही पलंगापाशी टेप घेऊन पेशंटची उंची मोजावी लागते.

सर्जरीतही कळीची गोष्ट यंत्र नसते, ठरवणारा माणूस असतो. जपानमध्ये २ सेंटिमीटरपर्यंतच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर ११०६ पेशंटचा अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण खंड काढण्याऐवजी त्याचा छोटा भाग काढला तरी पाच वर्षांनी जगणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नाही, थोडं जास्तच निघालं. किती कमी कापून भागतं, हे शिकायला सर्जनच्या एका पिढीचा काळ गेला.

या पेशाची दुसरी बाजूही ऐक. तालुक्याच्या ठिकाणी या नावाची जागाच नसते, काम मोठ्या शहरांत आणि मोठ्या आयसीयूत. सुरुवातीचा पगार बाबांना निराश करेल. रात्रपाळ्या असतात, आणि ज्यांना तू मास्क लावशील त्यातले काही जाणारच. आखाती देशांत परीक्षा देऊन नोकऱ्या मिळतात, पण अमेरिकेत तिथल्या मान्यतेचंच शिक्षण लागतं. "शिका आणि अमेरिकेला जा" अशी जाहिरात दिसली तर पान उलट.

बाबांना एक गोष्ट राहून गेली. आजी बिडी न ओढता सीओपीडीने गेल्या याचं तुम्हाला नवल वाटतं. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं यावरच लिहिलं: धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी, आणि त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण. तुमच्या घरात पाणी तापवायला चूल अजून पेटत असेल आणि ती मुलीची आई पेटवत असेल, तर ती आधी बंद करा. तिला दम लागत असेल तर स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकर मारायची साधी तपासणी आहे. आईंसाठी काही करायचं असेल तर ते हे आहे आणि त्याला जमीन विकावी लागत नाही.

एजंटला फोन करून नाही म्हणा. त्याच्याकडे मुलीची दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं असतील तर आधी ती परत आणा.

आणि बाळा, कॉलेज बघायला गेलीस तर इमारत बघू नकोस. त्यांच्याच हॉस्पिटलचा आयसीयू किती खाटांचा आहे, विद्यार्थ्यांना व्हेंटिलेटरवर हात कितव्या वर्षी ठेवू देतात, शिकवणारे स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहेत का, आणि मागच्या बॅचची मुलं कुठे काम करतात, ते विचार. त्या मुलांपैकी एकाशी फोनवर बोल. वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. हे सगळं बघून तुला वाटलं की हॉस्पिटलच नको, तर तसं मला सरळ कळव. त्या वाटा वेगळ्या आहेत, त्यावर वेगळं बोलू.