गाठ केवढी आणि शिरली कुठवर?

वाचकांचे प्रश्न : फुफ्फुसाचा कर्करोग

प्रश्न : वडिलांच्या (वय 61) उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग गाठीसकट काढला. सीटी स्कॅनमध्ये गाठ 2.8 सेंटीमीटर होती. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘लेपिडिक ऍडिनोकार्सिनोमा, इन्व्हेजिव्ह भाग 0.8 सेंटीमीटर, पीटी1ए, पीएन0’ असं लिहिलंय. त्यांनी कधी विडीसुद्धा ओढलेली नाही. इन्व्हेजिव्ह म्हणजे कॅन्सर पसरला का? आणि एकाच गाठीची दोन मापं कशी? – एक वाचक, सांगली

उत्तर : इन्व्हेजिव्ह म्हणजे शिरलेला. शिरणं आणि पसरणं यांत फरक आहे, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो फरक दिलासा देणारा आहे.

फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे आतून पेशींच्या एकेरी थराने मढवलेले असतात. या थराखाली एक पडदा असतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. ऍडिनोकार्सिनोमा हा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार बहुतेकदा या पेशींतूनच सुरू होतो. सुरुवातीला बिघडलेल्या पेशी फुग्यांच्या भिंतींवर नुसत्या अंथरल्यासारख्या वाढतात. खालचा पडदा शाबूत असतो आणि फुग्यात हवाही असते, म्हणून सीटीत तो भाग धुरकट काचेसारखा दिसतो. यालाच ‘लेपिडिक’ वाढ म्हणतात. पुढे काही पेशींची आपसातली पकड सुटते. त्या पडद्यातलं कोलॅजन विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात, पडदा फोडून खालच्या ऊतीत उतरतात. शरीर तिथे व्रणासारखी घट्ट ऊती तयार करतं, ती आजूबाजूचं फुफ्फुस ओढून घेते. सीटीत गाठीच्या कडेला सूर्यकिरणांसारख्या रेघा दिसतात, त्यांत या ओढीचा मोठा वाटा असतो.

खालच्या ऊतीत रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या असतात. तिथे पोचलेल्या पेशींनाच लांब जाण्याची वाट मिळते. म्हणून या प्रकारच्या गाठीची टी-स्टेज (रिपोर्टमधलं ‘पीटी1ए’) ठरवताना फक्त शिरलेला भाग मोजतात. 2.8 ही पूर्ण गाठ, 0.8 हा शिरलेला भाग. तो 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असता, तर पूर्ण काढल्यावर आजार उलटण्याची शक्यता जवळपास शून्य धरतात. वडिलांचा आकडा त्याच्या थोडाच वर आहे, आणि ‘पीएन0’ म्हणजे तपासलेल्या लसीकाग्रंथींत कॅन्सर सापडलेला नाही.

रिपोर्टमध्ये आणखी चार गोष्टी शोधा : कापलेली कड मोकळी आहे का, फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाला धक्का लागलाय का, रक्तवाहिन्यांत पेशी दिसल्या का आणि किती ठिकाणच्या ग्रंथी तपासल्या. दोन फुफ्फुसांच्या मधल्या भागातली निदान तीन ठिकाणं तपासलेली असावीत. एक-दोनच ग्रंथी पाहून दिलेल्या ‘एन0’वर आम्ही फारसा भरवसा ठेवणार नाही. सगळं ठीक असेल तर केमोची गरज नसते. पहिली दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी, नंतर वर्षातून एकदा. विडी न ओढणाऱ्यांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो, तेव्हा वडिलांचं काही चुकलं का हा विचार मनातून काढून टाका.

प्रश्न : आईच्या छातीत पाणी झालं. टीबी धरून दोन महिने एकेटी (टीबीची औषधं) दिली, पाणी पुन्हा भरलं. आता दोनच सेंटीमीटरची गाठ सापडली आणि चौथी स्टेज सांगतायत. एवढीशी गाठ आणि चौथी स्टेज? – एक वाचक, नांदेड

उत्तर : गाठ फुफ्फुसाच्या कडेला असली की छोटी असतानाही आवरण भेदू शकते. मग पेशी दोन आवरणांमधल्या पोकळीत सुटतात, जागोजाग रुजतात आणि पाणी साचतं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या की गाठ कितीही लहान असो, स्टेज चौथी. मात्र पेशी सापडल्याचा रिपोर्ट हातात आहे ना, हे आधी पाहा. नुसतं पाणी म्हणजे चौथी स्टेज होत नाही.

टीबीचा घोळ आपल्याकडे वारंवार होतो, कारण दोन्हींत पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त दिसतात. पुन्हा पुन्हा आणि भराभर भरणारं, लालसर पाणी दिसलं की कॅन्सरची शंका घ्यायलाच हवी. पहिल्या नमुन्यात पेशी सापडण्याचं प्रमाण साधारण 60 टक्केच आहे. म्हणून एक रिपोर्ट निगेटिव्ह आला तर दुसऱ्यांदा, निदान 50 मिलिलिटर पाणी पाठवावं आणि ‘सेल ब्लॉक करा’ (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवा) असं लिहून द्यायला सांगावं. तरीही काही हाती लागलं नाही, तर दुर्बिणीने आवरणाचा तुकडा घ्यावा.

सेल ब्लॉकचा आग्रह एवढ्यासाठी, की ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची तपासणी त्याच पेशींवर करता येते. भारतातल्या ऍडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ईजीएफआर-पॉझिटिव्ह, म्हणजे या जनुकात बदल असलेला, निघतो. त्यांना केमोऐवजी रोजची गोळी चालते, पाणीही बऱ्याचदा आटतं. तब्येत थांबण्याजोगी असेल तर हा रिपोर्ट आल्याशिवाय उपचार ठरवू नका.

पाणी काढताना एका वेळी दीड लिटरच्या वर सहसा काढत नाहीत. दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं तर त्यालाच सूज येते. काढताना खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं सुरू झालं, तर आईंनी लगेच सांगावं.

प्रश्न : सुई लावली की कॅन्सर पसरतो, म्हणून घरचे बायोप्सीला नको म्हणतायत. – एक वाचक, फोंडा

उत्तर : सुईच्या वाटेवर पेशी रुजणं अगदी क्वचित घडतं. खरा धोका फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साचण्याचा. म्हणून नंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात. बायोप्सी टाळण्यात जे आठवडे जातात, तेवढ्यात कॅन्सर सुईशिवायच शिरत राहतो.

प्रश्न : यजमानांचा (वय 58, तीस वर्षं सिगारेट) उजवा खांदा चार महिने दुखतोय. फ्रोझन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम चालू आहेत. कळ करंगळीपर्यंत जाते, रात्री झोप नाही. हल्ली उजवी पापणीही खाली आल्यासारखी वाटते. छातीचा एक्स-रे नॉर्मल आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : शेक थांबवा आणि याच आठवड्यात छातीचा सीटी करून घ्या. फ्रोझन शोल्डरमध्ये हात आखडतो, दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही. हात पूर्ण फिरतोय आणि कळ आतल्या बाजूने करंगळीकडे उतरतेय, तर फुफ्फुसाच्या शेंड्यावरची गाठ पहिल्या फासळीत आणि हाताच्या नसांत शिरत असू शकते. पापणी उतरणं, त्याच बाजूची बाहुली बारीक होणं आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम न येणं ही तिथल्या दुसऱ्या एका नसेची खूण. एक्स-रेत हा शेंडा गळपट्टीचं हाड आणि पहिली फासळी यांच्यामागे झाकला जातो, म्हणून ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबू नका.

फुफ्फुसाला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते गाठ छातीच्या भिंतीपर्यंत गेल्यावर. तरी दुखणं म्हणजे वेळ गेली असं धरून बसू नका. सीटीत गाठ सापडली आणि ती लांब पसरलेली नसली, तर अशा रुग्णांना आधी केमो आणि रेडिएशन एकत्र देतात, मग फासळीसकट ऑपरेशन करता येतं. नसांचा किती भाग धरलाय हे पाहायला एमआरआय लागेल. ऑपरेशनचा निर्णय टाटा मेमोरियलसारख्या, छातीच्या कॅन्सरचे स्वतंत्र सर्जन असलेल्या ठिकाणीच घ्या. जाताना सीटीच्या फिल्मबरोबर सीडी न्या, आणि बायोप्सी झाली असेल तर स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉकही. नुसत्या कागदी रिपोर्टवर तिथे पुढचं ठरत नाही.