हौशीचंही एक पाकीट असू द्या

प्रश्न : ताई, पगार हातात पडायच्या आधीच त्याची वाटणी झालेली असते. घरभाडं, मुलीची फी, सासूबाईंची औषधं, थोडीफार शिल्लक. ओढाताण आहे, पण डोक्यावर कर्ज नाही. मध्यंतरी मी स्वतःसाठी एक भारीतला सुगंधी साबण घेतला आणि घरी येऊन कपाटात कपड्यांच्या मागे लपवला. वापरायला काढावा म्हटलं की वाटतं, एवढ्यात मुलीच्या वह्या आल्या असत्या. आमच्यासारख्यांनी अशा हौशी कराव्यात का? आणि केल्या तर मन खात राहणार नाही अशा कशा कराव्यात?

उत्तर : साबण आधी कपाटातून बाहेर काढा. कपाटात राहून त्याचं काही बिघडलेलं नाही; कोरड्या जागी ठेवलेल्या साबणातलं पाणी हळूहळू उडतं, तो कडक होतो आणि जास्त दिवस पुरतो. आता सुरीने त्याचे दोन तुकडे करा. एक कपड्यांतच राहू द्या, कपड्यांना छान वास लागेल. दुसरा न्हाणीघरात ठेवा, खाली पाणी निथळेल अशा जाळीच्या साबणदाणीत आणि नळाच्या धारेपासून लांब. साचलेल्या पाण्यात बसलेला साबण लगदा होऊन वाया जातो, आणि भारीतले साबण बहुतेक घरांत असेच संपतात.

मन का खातं ते सांगते. या साबणाचे पैसे कुठून आले हे ठरलेलंच नव्हतं. मग ते वह्यांतून गेले, औषधांतून गेले, शिलकीतून गेले, जिथून म्हणाल तिथून गेल्यासारखे वाटतात. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1985मध्ये यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. माणसं मनात पैशांचे वेगवेगळे कप्पे करतात आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात सहजी जाऊ देत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. काटेकोर हिशोबाने पाहिलं तर हे चूकच, कारण पैसा शेवटी पैसाच. पण तुमच्यासारखीला हा स्वभाव कामी येतो. हौशीसाठी एक वेगळं पाकीट करा. त्यात दर महिन्याला तेवढीच रक्कम टाका, जी पूर्ण उडाली तरी भाडं, फी, औषधं यांना धक्का लागणार नाही. अगदी लहान चालेल. उरलं तर पुढच्या महिन्यात जाईल, आणि त्या पाकिटाचा हिशोब घरात कुणी कुणाला मागायचा नाही. यजमानांचंही असंच पाकीट हवं, सासूबाईंचंही.

पाकिटात पैसे साठल्यावरच वस्तू घ्यायची. आधी वस्तू आणि मग हप्ते, हे हौशीच्या बाबतीत कधी करू नका. प्रेलेक आणि लोवेनस्टाइन या अभ्यासकांनी 1998मध्ये लोकांना विचारलं होतं, तेव्हा कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे मागाहून हप्त्यांनी द्यायला लोक राजी होते, पण सहलीचे मात्र त्यांना आधीच चुकते करायचे होते. ते बरोबरच आहे. यंत्र हप्ता भरतानाही राबत असतं. सहल संपलेली असते आणि हप्ता उरतो.

‘सूर्यास्त बघा, तो फुकट असतो’ हा सल्ला मी कुणाला देत नाही. सूर्यास्त सुंदरच असतो. पण सतत मन मारणाऱ्या बाईला आपल्या पसंतीची एखादी वस्तू दुकानात जाऊन, वास घेऊन, हातात धरून विकत घ्यावीशी वाटते. ती इच्छा रास्त आहे, ती फुकटच्या गोष्टींनी भागत नाही.

काय घ्यावं? जे रोज अंगाला लागतं त्यातलं एकच, पण चांगलं. माझ्याकडे एक जाड सुती टॉवेल आहे. इतरांचे साधेच आहेत, हा एकटा माझा. टॉवेल घेताना त्यावरचा जीएसएमचा आकडा बघा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम कापड. साधारण 500च्या आसपासचा टॉवेल अंगाला मऊ लागतो आणि वाळायलाही फार वेळ घेत नाही. धुताना कपडे मऊ करायचं द्रव त्यात घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. संच मुळीच घेऊ नका. संचाने पाकीट रिकामं होतं आणि आपला म्हणून वेगळा टॉवेल राहतच नाही.

एक अडचण मात्र येतेच, ती म्हणजे सवय. चांगल्या गोष्टीचीही सवय होते आणि ती जाणवेनाशी होते. यावर उपाय खंड पाडण्याचा. नेल्सन आणि मेविस यांनी 2008मध्ये मालिशसारख्या सुखाच्या अनुभवात मध्येच खंड पाडून पाहिला. खंड नकोसा वाटेल असं लोकांना आधी वाटत होतं, प्रत्यक्षात खंड पडलेल्यांनाच जास्त आनंद मिळाला. म्हणून तो साबण रोज वापरू नका. आठवड्यातून दोन दिवस ठरवा, एरवी नेहमीचा. साबण पुरवून वापरणं ही काटकसर वाटेल, पण त्याचा वास नाकाला नवा राहतो तो त्यामुळेच.

आणि वह्यांचं? वह्यांचं पाकीट वेगळं आहे, ते आधी भरा. ते भरल्यावर साबणाने वह्यांचं काहीही घेतलेलं नाही, हे मुलीला दिसू द्या. तिने विचारलं, हा वास कसला, तर सरळ सांगा की हा माझा साबण आहे, मला आवडला म्हणून घेतला.

प्रश्न : भेट मिळालेला एक महागडा परफ्यूम मी खास प्रसंगांसाठी जपून ठेवलाय. तो किती टिकेल?

उत्तर : उजेड, उष्णता आणि हवा, तिन्ही त्याला खराब करतात. खिडकीत किंवा न्हाणीघरात असेल तर आधी हलवा, खोक्यासकट कपाटात ठेवा. बाटली रिकामी होत जाते तशी आत हवा वाढते, त्यामुळे तळाचा थोडासा भाग वर्षानुवर्षं जपण्यात अर्थ नाही. फवारण्याआधी त्या जागी बिनवासाचं क्रीम लावा. कोरड्या त्वचेवरून वास लवकर उडतो. प्रसंगाची वाट पाहू नका, येत्या रविवारपासून वापरायला घ्या.