काकवी नव्हे, मळी!

प्रश्न : जमैकातल्या ऊसमळ्यांवरच्या गुलामांविषयीचा मजकूर मराठीत आणतो आहे. ‘मोलॅसिस’ला काकवी म्हणावं का? आणि ‘मळी’ हा शब्द मोलॅसिसवरूनच आला, हे खरं का?

काकवी अजिबात नको. कोशात मोलॅसिससमोर काकवी छापलेलं असतं, ते डोळे झाकून उतरवलं जातं आणि आपल्याला ‘काकवीपासून रम’ वाचावं लागतं. काकवी म्हणजे आटवलेला रस, गूळ व्हायच्या थोडा आधी काढलेला. साखर सगळी आतच. मोलॅसिस म्हणजे साखरेचा दाणा वेगळा झाल्यावर मागे राहतं ते.

जमैकात हे कसं होई ते पाहा. तोडलेला ऊस पडून राहिला की आंबू लागतो, म्हणून हंगामात घाणा रात्रंदिवस चाले. ऊस सारणाऱ्या गुलामाचा हात रुळांत सापडला तर तोडून माणूस सोडवायला कुऱ्हाड हाताशी ठेवलेली असे. रसात चुना घालून तो ओळीने मांडलेल्या, पुढेपुढे लहान होत जाणाऱ्या चार-पाच काहिलींतून मोठ्या पळ्यांनी उपसत नेत. शेवटच्या काहिलीवरचा गुलाम, म्हणजे तिथला गुळव्याच, अंगठा आणि तर्जनीत तार ओढून बघे. लवकर उतरवलं तर दाणा धरत नाही, उशीर झाला तर करपतं. मग तो माल बुडाला भोकं पाडलेल्या पिंपांत भरत. काही आठवडे खाली थेंब थेंब गळत राही, तेच मोलॅसिस. साखर विलायतेला जाई, मोलॅसिस मुख्यतः रमच्या भट्टीला.

आता माझा लाडका मुद्दा. रमच्या आंबवणात नुसतं मोलॅसिस नसे, काहिलीवरून झाऱ्याने काढलेला फेसही असे. आपल्या गुऱ्हाळात भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणाऱ्या त्या फेसाला काय म्हणतात? मळी! साखर कारखान्यात मोलॅसिसलाही मळीच. इंग्रजीला जिथे दोन शब्द लागले, तिथे आपला एक दोन्हीकडे चालतो.

‘मळी मोलॅसिसवरून’ म्हणणाऱ्यांना ‘म’ आणि ‘ळ-ल’ सापडले की व्युत्पत्ती झाली असं वाटतं. मळी सरळ ‘मळ’पासून. मोलॅसिस पोर्तुगीज ‘मेलासो’मार्गे लॅटिन ‘मेल’पर्यंत, म्हणजे मधापर्यंत जातो. आपल्याला दिसली घाण, त्यांना मध! ब्राझीलच्या पोर्तुगीजांनी तर काकवीला ‘मेलादो’ आणि मळीला ‘मेलासो’ असे शब्दच वेगळे ठेवलेत. घोळ घालतो तो आपला अनुवादक.

आणि ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, वाळू. हा शब्द फारसी-अरबीतून ‘शुगर’ झाला, तर केरळच्या वाटेने पोर्तुगीजांच्या तोंडी जाऊन ‘जॅगरी’. गुळाला जॅगरी म्हणून भाव खाणारे शर्कराच उच्चारत असतात.

हां, एक अपवाद. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘सोर्गम मोलॅसिस’ भेटलं तर थांबा. ती गोड ज्वारीच्या ताटांचा रस आटवून करतात, त्यातून साखर काढलेली नसते. तिथे खुशाल काकवी लिहा.