आधी डबा बघ

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. आई म्हणते, एकतर तुझा तो पाळीव सरडा, बिअर्डेड ड्रॅगन, राहील नाहीतर मी. आणि तू मला विचारतेस, देऊन टाकू का? अगं, आधी डबा बघ. दिवाणाखाली सरकवलेला तो मिलवर्मचा, म्हणजे त्याच्या खाण्यासाठी कोंड्यात पाळलेल्या अळ्यांचा डबा. रात्री शिंका, सकाळी डोळे लाल, जिना चढताना छातीत सूं सूं, आणि कोंडा चाळलास की त्या रात्री जास्तच त्रास, हे सगळं तूच लिहिलंयस. मग शिक्षा त्या मुक्या जिवाला कशाला?

अंगावर केस नाहीत म्हणून सरड्याची अ‍ॅलर्जी होतच नाही, असं मी म्हणणार नाही. इग्वाना पाळणाऱ्यांना त्याच्या खवल्यांची झालेली आहे. पण ते क्वचित. किड्यांचं तसं नाही. अळी वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते. ती कात, विष्ठा, मेलेल्या अळ्या, सगळं वाळून कोंड्यात मिसळतं, आणि चाळताना खिडकीतल्या उन्हात जी पिवळट धूळ तरंगते ती तू श्वासात घेतेस. रातकिडे पाळलेस तरी हेच. त्यात तुमच्या खानापूरचा पाऊस. कोंडा दमट झाला की माइट्स, म्हणजे अगदी बारीक जीव, तेही होतात. आम्हा निपाणीकरांना धूळ छातीचं काय करते हे सांगावं लागत नाही, तंबाखूच्या वखारी बघतच वाढलो.

माशांच्या दुकानासाठी मी अळ्या घरीच वाढवायचो. कित्येक महिने काही होत नाही. शरीर एकदा बिथरलं की मग चिमूटभर धूळही पुरते. माझा दमा तिथलाच. गावात म्हणतात, काका कंटाळले, दुकान गुंडाळलं. साफ खोटं. मी फक्त अळ्यांची खोली बंद केली. मासे नंतरही ठेवले, आणि आजही टाक्या मीच धुतो.

कोळंबी खाल्ली की ओठ खाजतात, हे तू शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंस! ते सगळ्यात वर हवं होतं. किडे, धुळीतले माइट्स, कोळंबी, खेकडे, सगळ्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं मिळतंजुळतं प्रथिन असतं. एकाने छळलं की दुसराही छळू शकतो. उष्णतेनं ते सहसा मोडत नाही, म्हणून वाळवलेल्या अळ्या आणायचा तुझा बेत मला पटलेला नाही.

डबा आजच झोपायच्या खोलीतून बाहेर काढ. चाळायचं काम घरात दुसऱ्या कुणाला तरी दे, तेही अंगणात, एन-९५ मास्क लावून. पिंजऱ्याभोवती झाडू नको, ओलं फडकं फिरव. तुझा ड्रॅगन आता मोठा झालाय. या वयात त्याचं पोट मुख्यतः पालेभाजीवर भरायला हवं, किडे आपोआप कमी होतील. एवढं करूनही छाती वाजत राहिली, तर देऊन टाकण्याचं बोलू. आधी डबा.

डॉक्टरांना "घरात किडे पाळते" हे स्वतःहून सांग, ते विचारणार नाहीत. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या चाचणीत मिलवर्म असेलच असं नाही. चाचणीआधी शिंकांच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, पण मनानं थांबवू नकोस. तोवर कोळंबी बंद. आणि ओठ सुजले, घसा आवळला, तर मला फोन करत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

तुझा,
काका