दिवाळीसाठी शिवलेल्या क्विल्टेड वॉल हँगिंगच्या कडा लहरतात. ते भिंतीवर सपाट कसे बसवावे?

आपण 18 बाय 24 इंचांचे आकाशकंदिलाचे वॉल हँगिंग शिवले आहे, कंदिलावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर टिपा मारल्या आहेत, किनार टिपांशिवाय मोकळी ठेवून तिला उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीचा गोट लावला आहे, आणि आता ते टांगल्यावर कडा लहरतात व वरचे कोपरे पुढे झुकतात, असे आपण लिहिले आहे. गोट एकदा उसवावा लागेल. इतके नीट केलेले काम उसवणे जिवावर येते हे मी जाणते. पण ही वस्तू दर दिवाळीला भिंतीवर लागणार आहे, तेव्हा एक संध्याकाळ तिच्यासाठी खुशाल द्यावी. आतल्या कंदिलाला हात लावण्याची गरज नाही.

लहरी का येतात ते आधी पाहू. टिपा जितक्या दाट, तितके कापड आक्रसते. आपला मधला भाग आक्रसला आणि किनार मात्र पूर्वीइतकीच लांब राहिली, म्हणून ती जास्तीची लांबी लहरींच्या रूपाने बाहेर पडते. घरातल्या गोधडीला आपण चारी कडा आधी पक्क्या करून धावदोरा फेऱ्याफेऱ्यांनी आत नेतो, आणि त्यात पडणाऱ्या बारीक चुण्या पांघरुणाला शोभतातही. आजीकडून मी तीच रीत शिकले आणि माझे पहिले वॉल हँगिंग तसेच शिवले, तेव्हा सगळा फुगवटा मध्यावर गोळा झाला. भिंतीवर लावायच्या कामाची दिशा उलटी असते: मध्यापासून सुरुवात करून बाहेर यायचे आणि किनारीपर्यंत टिपांमधले अंतर साधारण सारखे ठेवायचे.

म्हणून गोट उसवल्यावर प्रथम किनारीत टिपा माराव्यात. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा थर मागे राहतो, त्यामुळे पायाचा दाब थोडा कमी करावा, टाका मोठा ठेवावा आणि दर चार इंचांवर कच्चा टाका किंवा सेफ्टी पिन असल्याशिवाय मशीनवर घेऊ नये. नंतर अगदी कडेला, एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत, हाताने धावदोरा घालून तो हलकेच ओढावा; चुणी दिसू न देता पाव-अर्धा इंच लांबी त्यात सहज सामावते.

यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात, आणि माझ्या मते सगळे काम तिच्यावरच उभे असते. पाठीकडून पाण्याचा हलका फवारा मारून तुकडा जाड टॉवेलवर पसरावा, कडा सरळ करून टाचण्यांनी पक्क्या कराव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. लाल किंवा गडद निळे कापड असेल, तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग जातो का ते पाहावे. वाळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे, नाहीतर गुण्या लावून कडा छाटाव्यात.

सरळ कडेला उरेब पट्टी लावू नये, कारण ती ताणली जाते आणि कडेलाही ताणते. उरेब लागते ती गोलाईला. चौकटीचा घेर 84 इंच आहे, तेव्हा 36 इंची पन्ह्याच्या कापडातून अडीच इंच रुंदीच्या तीन पट्ट्या आडव्या कापून तिरक्या जोडल्या की कोपऱ्यांसह पुरतात. पट्टी लांबीतून दुमडावी, एका बाजूच्या मध्यापासून सुरू करावी आणि तीन सूत माया धरून पुढून शिवावी. कोपरा तीन सूत उरला असताना थांबून दोरा कापावा, पट्टी सरळ वर दुमडावी म्हणजे तिरकी घडी पडते, मग तीच पट्टी दुसऱ्या कडेवर खाली आणून अगदी वरून टीप सुरू करावी. मागची बाजू हाताने हेम करावी. हा टाका पुढे दिसता कामा नये.

कोपरे झुकण्याचे कारण बहुधा दोन टोकांना लावलेल्या कड्या हे असते. त्याऐवजी पाठीवर, वरच्या कडेलगत, पूर्ण रुंदीचा नेफा करावा आणि त्याची वरची कड गोटाच्या शिवणीतच घ्यावी. खालची कड फक्त अस्तराला हेम करताना नेफ्यात अर्धा इंच ढील सोडावी, म्हणजे काठीची जाडी मागे मावते आणि पुढून वळ दिसत नाही. काठी 17 इंचांची पुरे.

कंदिलाला आपण जुन्या साडीचा जरीकाठ लावला असेल, तर इस्त्री नेहमी पाठीकडून आणि मधे सुती फडके ठेवूनच करावी, कारण हल्लीची बरीचशी जर प्लास्टिकची असते आणि गरम इस्त्रीने क्षणात आक्रसते.

कंदिलाच्या झिरमिळ्या सध्या फक्त वरच्या टोकाला कच्च्या टाचाव्यात. वॉल हँगिंग एक दिवस भिंतीवर राहू द्यावे, मग शेजारी ओळंबा धरून एकेक झिरमिळी सरळ पडते का ते पाहावे, आणि त्यानंतरच ती पक्की शिवावी.