आयपीएफएसवर कागदपत्रे ठेवण्यापूर्वी
दापोलीच्या बागेचा सातबारा आणि जुनी खरेदीखते आयपीएफएसवर (अनेकांच्या संगणकांवर मिळून फाइली साठवणाऱ्या खुल्या जाळ्यावर) ठेवणार असाल, तर ती आधी आपल्याच संगणकावर कूटबद्ध करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशी करा. कारण तेथे फाइलचा पत्ता तिच्या मजकुराच्या हॅशवरून (मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून) ठरतो, तो पत्ता ज्याला कळेल त्याला फाइल उघडता येते, आणि इतरांच्या नोडवर (जाळ्यातील संगणकावर) गेलेली प्रत पुसायला लावण्याचा उपाय आपल्या हाती राहत नाही. उलट, कोणीच पिन न केलेली (आपल्या नोडवर कायम ठेवण्याची खूण न केलेली) फाइल कालांतराने नाहीशी होऊ शकते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, त्यामुळे दुसरा नोड पुण्यासारख्या दूरच्या ठिकाणी, नातेवाइकांकडे चालू ठेवावा. कूटबद्धतेची किल्ली मात्र कागदावर लिहून, पावसाळी ओल न लागणाऱ्या डब्यात ठेवा (लॅमिनेशनवर माझा फारसा विश्वास नाही).