तळघराच्या ओल्या भिंतीला कोणता बोर्ड लावावा?

प्रश्न : घराखालच्या तळघरात मुलीसाठी अभ्यासाची खोली करायची आहे. दोन भिंतींना खालून तीनेक फुटांपर्यंत ओल आहे. रंगाचे पोपडे सुटतात, पांढरी पूड जमते. ठेकेदार म्हणतो, ओलीला चालणारा हिरवा जिप्सम बोर्ड चिकटवू, वर वॉलपेपर लावू, म्हणजे काही दिसणार नाही. हे चालेल का?
– एक वाचक

उत्तर : नाही, हे काम थांबवा. हिरवा बोर्ड दमट हवेपुरता ठीक असतो. सतत ओल्या भिंतीला चिकटवला तर आतलं जिप्सम मऊ पडतं आणि दोन्ही अंगांच्या कागदावर बुरशी पोसते. वॉलपेपरने ती फक्त झाकली जाईल. मुलगी तिथे तासन्‌तास बसणार आहे, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

बोर्ड निवडण्याआधी पाणी कुठून येतं ते बघा. पोपडे खरवडून भिंतीवर दोन फुटांचा चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून बसवा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतून येते, पुढच्या बाजूला आले तर खोलीतली वाफ गार भिंतीवर जमते. कधी दोन्हीही असतं. तुमच्याकडे मात्र पहिलंच कारण असावं, कारण ती पांढरी पूड म्हणजे क्षार. झिरपणारं पाणी ते विरघळवून आणतं आणि सुकताना भिंतीवर सोडून जातं.

त्यामुळे खरा इलाज बाहेरून. पन्हळीचं पाणी पायाजवळ पडतं का, जमिनीचा उतार घराकडे आहे का, हे आधी तपासा. शक्य असेल तर भिंतीला बाहेरच्या अंगाने जलरोधक थर द्या. आतून लावलेला साधा वॉटरप्रूफ रंग टिकत नाही, मागून येणारं पाणी त्याला ढकलून सोडवतं. आतूनच करणं भाग असेल, तर गिलावा काढून उघड्या भिंतीवर सिमेंटवर आधारित लेप द्यावा लागतो.

झिरपणं थांबलं आणि नुसता ओलावा उरला, तर माझी पसंती चुन्याच्या गिलाव्याला आणि वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या खनिज रंगाला. भिंत सुकत राहते, बिघाड लगेच दिसतो. पुट्टी, पीओपी आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तिथे नकोच.

बोर्डच हवा असेल तर फायबर सिमेंटचा घ्या. तो पाणी अडवत नाही, पण कुजतही नाही. लाकडी पट्ट्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी चॅनेलवर, भिंतीपासून इंचभर सोडून आणि फरशीपासून अर्धा इंच वर बसवा. मागे डोकावता येईल अशी एक झडप ठेवाच.

खोलीत आर्द्रतामापक लावून आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. बाहेर दमट असताना खिडकी उघडली तर ओलावा आत येतो. अशा दिवसांत आर्द्रता शोषणारं यंत्र लावा. आणि ओल्या भिंतींतले विजेचे बोर्ड, वायरिंग झाकण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून कोरड्या भिंतीवर हलवून घ्या.